डाळजच्या हायवेवरचा काळापांढरा फ्लेक्स

प्रिय घोष्या,

तुला न इचारता मी तुझा फोटो फ्लेक्सवर छापला. दहा बाय आठचा. आन् त्यो डाळजला, हायवेच्या कडंला, येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्या एसट्यांना दिसंल असा टांगला. हे पहिलंच सांगून टाकतो. कारण त्याच्यापायी पुढं लई काय काय झालंय आन् सगळ्याच्या मुळाशी माझी ही उचापत हाय. शिव्या द्यायच्या असतील तर आत्ताच देऊन घे, मंग निवांत वाच.

पत्र लिवायची माझी ही पहिलीच येळ. शाळेत पेपरात 'मामास पत्र' यायचं तवा मी लिवलं व्हतं, की मामा, तुमची म्हैस आन् आमचे सर सारखेच दिसत्यात, दोघं बी जवळ गेलं की मारत्यात. सरांनी एक मार्क दिला न्हाय, वरनं सगळ्या वर्गापुढं वाचून दावलं, आन् तू बाकाखाली तोंड घालून हसत व्हतास. आता बी मी फोनच केला असता. पण तुझा फोन लागत न्हाय. स्पर्धा परीक्षेच्या पूर्वचा निकाल लागला त्या दिवसापास्नं लागत न्हाय. ती बाई रोज त्याच गोड आवाजात सांगती, संपर्क होऊ शकत नाही. तिची माझी आता इतकी वळख झालीया की मी तिला 'जेवलीस का' म्हणून इचारतो आन् ठेवून देतो.

आधी कवितेचं बोलू. तिच्यावाचून ह्यातलं कायच झालं नसतं.

तू बारामतीला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला व्हतास. मी बारावीला परत एकदा आपटून इंदापूरला इंद्रजितदादाच्या फ्लेक्सच्या दुकानात लागलो व्हतो. एका रविवारी तू कॉलेजच्या लायब्ररीतनं एक जुनं इंग्रजी पुस्तक घेऊन आलास. उजनीच्या पाण्यावर, डाळजच्या मागल्या अंगाला, ती पाण्याच्या मोटारीची पडकी खोली हाय न्हवं, तिच्या सावलीला आपण बसलो. तू म्हणलास, बिऱ्या, हितं एक कविता हाय, ती तुझ्यासाठीच लिवलीया. मी म्हणलं, कुणी लिवलीया? तू म्हणलास, अमेरिकेतला एक पोरगा, पन्नास-साठ सालातला, हायवेवरच्या हॉटेलात भांडी घासायचा. त्या काळात तिकडं अशी बंडखोर पोरं व्हती म्हणं. नोकऱ्या सोडायची, येईल त्या गाडीला हात करून देश हिंडायची, आन् कविता लिवायची न्हाईत, वरडायची. बीट म्हणायचे त्यांना. मी म्हणलं, कोशिंबिरीतलं? तू माझ्या डोक्यात त्ये पुस्तकच हाणलंस.

माझ्यासाठी का, त्ये तू वाचाय लागल्यावर कळलं. ती कविता म्हंजे अख्खी हजेरीच हाय. शाळेत मी गैरहजर पोरांची हजेरी द्यायचो, निरनिराळे आवाज काढून. एकदा तर बदली होऊन गेलेल्या पोराची बी दिली आन् सरांनी मांडली. त्यो अमेरिकेतला गडी माझ्या बरोब्बर उलटा. त्याचं नाव सगळी दुनिया पुकारतीया आन् त्यो हजर असून 'न्हाय' म्हणतोय. तू एकेक ओळ इंग्रजीत म्हणायचास आन् लगीच आपल्या बोलीत. पुस्तकातल्या मराठीत केलंस असतंस तर मी तिथंच झोपलो असतो.

कंपनीनं नाव पुकारलं. मी हजर न्हाय.
फौजेनं नाव पुकारलं. मी हजर न्हाय.
ब्यांकेनं लई मऊ आवाजात पुकारलं. मी हजर न्हाय.

आन् मंग मधी त्यो सुटतो. अख्खं गाव एकाच भोंग्यावर उठतंय, एकाच भोंग्यावर घास गिळतंय. फ्रीज देवावानी कोपऱ्यात बसलाय आन् माणसं त्याला निवद दावत्यात. चंद्र बी आता हप्त्यावर घेतलाय, एक हप्ता चुकला की येऊन वढून न्हेणार. घोष्या, हप्त्यावरचा चंद्र म्हणल्यावर माझ्या अंगावर काटा आलता. आमच्याकडं माणसं टीव्ही हप्त्यानं घेत्यात, मोटरसायकल घेत्यात. पण त्या गड्यानं वर बघितलं आन् त्याला चंद्राला बी चिकटवल्यालं हप्त्याचं स्टिकर दिसलं. हे कुणाच्या डोक्यात येतंय सांग की. आन् त्या कवितेत थांबायलाच जागा न्हाय. स्वल्पविराम न्हाय, पूर्णविराम न्हाय. मेंढरं एकदा घाटात उतरणीला लागली की पुढच्यानं थांबायचं म्हणलं तरी मागची थांबू देत न्हाईत, तसं. दम संपला की जिथं संपंल तिथं ओळ संपली.

शेवटाला आपण दोघं उभं राहून पाण्याकडं तोंड करून वरडत व्हतो, मी हजर न्हाय, मी हजर न्हाय! पाण्यात एक मासेमारीवाला जाळं टाकत व्हता. त्यानं होडीतनं हात केला आन् म्हणला, मंग वरडतंय कोण रं सुक्काळीच्या? आपण हसून हसून मातीत लोळलो. त्या दिवशी मला वाटलं, ही कविता कुणीतरी आपल्यासाठीच इतक्या लांबनं पाठवलीया. निमगाव केतकीतल्या दोन पोरांसाठी. मला ती तोंडपाठ झाली. अख्खी. बारावीच्या इतिहासाचं एक साल ध्यानात राहिलं न्हाय ह्या टकुऱ्यात, पण ती कविता राहिली.

एकाच गोष्टीवरनं आपलं वाजलं व्हतं, शेवटावरनं. सगळ्यांनी पुकारून झालं, कुणालाच त्यानं दाद दिली न्हाय. मंग हॉटेलाच्या मागल्या दाराकडनं त्याच्यासंगं भांडी घासणारा गडी त्याला हाक मारतो, नुसत्या नावानं. आन् ह्यो हात पुसत म्हणतो, हाय की, हितंच हाय. तू म्हणलास, हितं माती केली त्यानं, एवढं बंड करून शेवटाला हजेरी लावली. मी म्हणलं, येड्या, हजेरी न्हाय ती. त्यानं ओ दिलीया. हजेरी घेणारा येगळा आन् हाक मारणारा येगळा. तू म्हणलास, तुला इंग्रजी येत न्हाय, गप. पार इंदापूरच्या स्टँडापतोर आपण त्यावरनं भांडलो. मंग तू वडापावचे पैसे दिलेस म्हणून मी गप बसलो, न्हायतर बसलो नसतो.

तू पुण्याला अभ्यासाला गेलास आन् माझी लई पंचाईत झाली. एवढी भारी कविता डोक्यात आन् सांगायला माणूस न्हाय. आपल्यातली बाकीची पोरं बी एकेक करून चाकणच्या कंपन्यांत लागली. मी इंद्रजितदादाला म्हणून दावली. त्यानं सगळी ऐकली, मान हलवली आन् म्हणला, चांगलंय, पण हा उमेदवार कुठल्या गटाचा? चहाच्या टपरीवर बसणाऱ्या गेणबाआबांना म्हणून दावली. आबा म्हणले, भांडी घासायला ठेवलं व्हतं तर भांडी घासायची की लेकाच्यानं, बशीवर बशी चढली असंल तिकडं. एक दिवस तर मी आमच्या आबालाच, म्हंजे बापालाच, म्हणून दावली. आमचा आबा तवा मेंढरं घेऊन कोकणात व्हता. फोन लावला आन् सुरू केली. कंपनी झाली, फौज झाली, डोळं मिटून फ्रीज आन् चंद्र घेतला, शेवटाला ओ दिली, आन् म्हणलं, कशी वाटली आबा? काय आवाजच न्हाय. बघतो तर फोन दुसऱ्या ओळीलाच कट झाल्याला. अख्खी कविता मी माझ्याच कानाला म्हणली व्हती. संध्याकाळी आबाचा फोन आला तवा म्हणला, त्ये कंपनीचं काय सांगत व्हतास, नोकरी गेली का काय? परत सांगितली मंग. सगळी ऐकून म्हणला, ह्यो माणूस आपल्यातलाच दिसतोय, घर न्हाय म्हणतोय न्हवं? त्याला म्हणावं येत जा मेंढराकडं.

तुला म्हाईत हाय, दिवाळी झाली की आमचं म्हातारा-म्हातारी कोकणात उतरत्यात ते पाऊसकाळाच्या तोंडावर माघारी. शाळा बुडू नये म्हणून मला चुलत्याकडं ठेवायचे. पण चुलत्याकडं मी नुसता झोपायचो. वाढलो तुमच्या घरात. तुझ्या आईनं, तुळसामावशीनं, कधी इचारलं न्हाय की जेवून आलास का. ताटच पुढं करायची. एक तुला, एक मला, आन् माझ्या ताटातली भाकरी तुझ्यापेक्षा मोठी हाय म्हणून तू भांडायचास. अजून बी मी रविवारी जातो. दुकानात झोपायला जागा हाय, चहावाला हाय, सगळं हाय, पण दिवसभर मी गिऱ्हाइकाबरोबर फक्त फोटोचं बोलतो. ह्यो मोठा कर, त्यो बारका कर, साहेबांच्या डोळ्याला गॉगल घाल. रविवारी कुणीतरी मला 'बिरदेव, पाणी घे' म्हणतं.

निकालानंतर मावशी रोज फोन लावतीया, लागत न्हाय म्हणल्यावर पदराला पुसून ठेवतीया, जसं काय फोनलाच धूळ बसलीया. तुझे तात्या पेपर तोंडापुढं धरून बसत्यात. पान उलटत न्हाईत. मला कळलंय, निकालादिवशी त्यांनी तुला फोनवर काय म्हणलं त्ये. लई वर्सं झाली, आता ये माघारी, कुठंतरी चिकटवतो. त्यांनीच मला सांगितलं. म्हणले, मी रागानं न्हवतं म्हणलं रं, मला वाटलं पोरावरचं वझं उतरंल.

तर फ्लेक्स. तुझा वाढदिवस जवळ आलता. मी इचार केला, फोन लागत न्हाय तर न लागू दे, घोष्या कवातरी सोलापूर गाडीत बसून घरी येईलच. डाळजला आमच्या दुकानाचा एक लोखंडी सांगाडा मोकळाच व्हता. एसटीच्या खिडकीतनं त्याला आपली कविता दिसली पायजे. म्हंजे इंदापूरला उतरतानाच त्यो हसत उतरंल. मोटारीच्या खोलीला टेकून काढल्याला तुझा फोटो माझ्याकडं व्हता. त्या पुस्तकात त्या कवीचा फोटो काळापांढरा हाय, भिंतीला टेकून, तिरका बघत. मी तुझ्या फोटोतला रंग काढला आन् आईशप्पथ, तू डिट्टो त्यो झालास. खाली कवितेतली ओळ टाकली: दिवे तुमचे, भोंगा तुमचा, रस्ता तेवढा माझा. 'वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा' टाकलं न्हाय, कारण त्या शब्दावर तू कायम थुकतोस. शुभेच्छुक म्हणून खाली पंचवीस-तीस डोकी असत्यात, तिथं टाकायला माझ्याकडं एकच डोकं. माझं. त्ये बी काळंपांढरं करून कोपऱ्यात लावलं. सकाळी लवकर जाऊन टांगला, लांबनं बघितला. इतका भारी दिसत व्हतास की मी रस्त्याच्या पलीकडं जाऊन परत बघितला.

आन् मी फ्लेक्सवाला असून इसरलो, घोष्या. आपल्याकडं फ्लेक्स कुणी वाचत न्हाय. रंग बघत्यात. रंगीत असला की वाढदिवस न्हायतर निवडणूक. काळापांढरा असला की माणूस गेला.

दुपारपतोर फ्लेक्सखाली कुणीतरी मेणबत्त्या लावल्या, झेंडूचा हार टाकला. टपरीवर एक जण छातीठोक सांगत व्हता म्हणं, गाडीवर व्हता बिचारा, मीच उचलून दवाखान्यात न्हेला. दुसरा म्हणला, न्हाय हो, पुण्यातच झालं. तुझं आजोळ डाळजचं, हे माझ्या डोक्यातच आलं न्हाय. रतनमामानं एसटीतनं उतरता उतरता भाच्याचा फोटो बघितला. त्यानं फोन करून इचारायला पायजे व्हतं. पण असल्या गोष्टी फोनवर इचारत न्हाईत म्हणून त्यानं छोटा हत्ती टेम्पो केला, घरातली माणसं घेतली आन् सगळी पांढऱ्या कपड्यात निमगावला निघाली.

मी तवा तुमच्याच घरी व्हतो. रविवार व्हता. मावशी दारात ज्वारी पाखडत व्हती. गल्लीच्या तोंडाला टेम्पो थांबला आन् बायांनी तिथनंच रडाय सुरुवात केली. मावशीला वाटलं, गल्लीत कुणाचं तरी काय तरी झालं. सूप खाली ठेवलं, डोक्यावर पदर घेतला, पायात चपला न घालता निघाली. कुणाचं काय झालं गं बाई, म्हणत त्या बायांना धरायला, त्यांची समजूत काढायला गेली. आन् त्या सगळ्या तिच्याच गळ्यात पडल्या.

घोष्या, मी लई थापा मारल्यात. मास्तरला, दादाला, पोलिसाला बी एकदा. पण त्या दिवशी मावशी माझ्याकडं वळली. तिला रडाय बी येत न्हवतं. म्हणली, बिरदेव, लाव रं फोन. एवढंच. सगळी गल्ली जवळ सरकली. मी लावला. ती बाई बोलाय लागली, आपण ज्या व्यक्तीशी संपर्क करत आहात. मी फोन कानाला घट्ट दाबला, आवाज बाहीर जाऊ नये म्हणून, आन् हसलो. मोठ्यानं हसलो. म्हणलं, घोष्या, लेका, कुठं हायस? हितं तुला मारून टाकलाय की सगळ्यांनी. अरं माझ्याच फ्लेक्समुळं. व्हय, व्हय. जेवलास का? काय? बरं, सांगतो मावशीला. बरं, बरं, जा तू, ठेव. ती बाई आपली एकदा मराठीत, एकदा हिंदीत, एकदा इंग्रजीत सांगतीया आन् मी तिला 'व्हय, व्हय' म्हणतोय. आयुष्यात केल्याल्या सगळ्या नकलांत ती नक्कल लई भारी झाली. कुणालाच शंका आली न्हाय.

मावशी तिथंच मातीत बसली आन् मंग रडली. रडत रडत हसली. रतनमामानं माझ्या दोन कानाखाली दिल्या, त्या मी मुकाट घेतल्या. फ्लेक्स कशाला केला, काळापांढरा का केला, सगळं कबूल केलं. मामी म्हणली, मेल्या, वाढदिवसाला कुणी असं करतं का! मावशीनं पांढऱ्या कपड्यातल्या सगळ्यांना चहा केला. चहा पिऊन झाल्यावर मला आत बोलावून हळूच म्हणली, काय म्हणत व्हता रं? माझ्याबद्दल काय म्हणला? मी म्हणलं, म्हणला, शेंगदाण्याची चटणी संपलीया, पाठवून दे. आन् आईला म्हणावं, घोर करू नको.

निघताना तात्या स्टँडापतोर माझ्यासंगं आले. कधी येत न्हाईत. गाडीची वाट बघत उभं राहिलो. म्हणले, बिरदेव, फोन लागला व्हता न्हवं? मी म्हणलं, व्हय तात्या. त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत घातला. म्हणले, परत लागला तर मला बी दे. मी काय जास्त बोलणार न्हाय.

मी तसाच डाळजला गेलो, फ्लेक्स उतरवाय. मेणबत्त्या इझल्या व्हत्या. तू वरनं तिरका बघत व्हतास. आन् घोष्या, तवा मला पहिल्यांदा भ्या वाटलं. मी सगळ्यांना सांगून आलो व्हतो की तू हायस. पण मला कुठं म्हाईत व्हतं? मला कुणी सांगितलं व्हतं? खाली काढून मी त्यो गुंडाळला, तुझा चेहरा आतल्या बाजूला करून, आन् तिथंच मातीत बसलो. ती आख्खी कविता मी तिथं मनात म्हणली, आन् पहिल्यांदाच मला ती ऐकवंना.

दुसऱ्या दिवशी पहाटेच मावशीकडं जाऊन तुला भेटाय चाललोय म्हणलं आन् दादाला काय न सांगता पुण्याची गाडी धरली. तुझ्या अभ्यासिकेत तुझ्या खुर्चीवर दुसराच पोरगा. मालक म्हणला, त्यानं निकाल लागल्यावरच खुर्ची सोडली. खोलीवर गेलो तर तुझी कॉट बी दुसऱ्याला दिल्याली. तुझ्यासंगं राहणारा पोरगा पुस्तकातनं मान वर न काढता म्हणला, काम बघतोय म्हणाला होता, कुठं ते माहीत नाही. ह्या गल्ल्यांत सगळी पोरं तुझ्यासारखीच दिसत्यात, घोष्या. पाठीला बॅग, मान खाली. तिघा-चौघांना मी मागनं तुझ्या नावानं हाका मारल्या. शेवटाला तू सांगितल्याली मेस आठवली, जिन्याखालची. काकूंना मोबाईलमधला तुझा फोटो दावला. रंगीत दावला, आता मी शिकलोय. काकू म्हणल्या, हा व्हय, हा येतो की कधीमधी, गर्दी सरल्यावर. बोलत नाही. आमटी दोनदा मागतो. परवाच येऊन गेला.

मला काय झालं म्हाईत न्हाय. मी त्यांच्या जिन्याच्या पायरीवर बसलो आन् रडाय लागलो, सगळ्या पोरांदेखत. काकू घाबरल्या, त्यांनी मला ताक दिलं.

सकाळच्या जेवणाला मी तुझी वाट बघितली. आता संध्याकाळची पोरं यायला लागल्यात, त्यात बी तू न्हाईस. मला गाडी धरायची हाय. काकूंच्या नातवाकडनं वहीची पानं मागून घेतल्यात, त्यांच्याच टेबलावर बसून हे लिवतोय. पानावर आमटीचा डाग पडलाय त्यो माझा न्हाय, शेजारच्याचा. मी काय तुला घरी चल म्हणायला आलो न्हाय. कुठं राहतोस, काय करतोस, नापास का झालास, मला यातलं काय सांगू नको. हे पत्र एवढ्यासाठी, की तू त्या दिवशी माझ्याशी काय काय बोललास त्ये तुला म्हाईत पायजे, म्हंजे बोलताना घोटाळा व्हायला नको. तर ऐक. तू म्हणलास, मी जेवतोय. तू म्हणलास, चटणी संपलीया. मी आज निघताना मावशीनं बरणी भरून दिली, ती काकूंकडं ठेवलीया, ह्या पत्रासंगं त्या देतील. लसूण मुद्दाम जास्त घातलाय म्हणली, तुला लागतो म्हणून. ती खा, आन् कुणाच्या बी फोनवरनं मावशीला एक फोन कर, आन् म्हण, आई, चटणी पोचली. बास. दुसरं कायच बोलू नको. तात्यांनी मागितला तर त्यांना बी दे, ते जास्त बोलणार न्हाईत. मी आता गाडीत बसल्यावर तिला सांगणार हाय की तू भेटलास, बरा हायस, थोडा वाळलायस. ही दुसरी थाप झाली. तू फोन केलास की दोन्ही खऱ्या व्हत्याल. आन् घोष्या, त्या दिवशी फोन लागलाच न्हवता, मी त्या बाईशीच बोलत व्हतो, हे फक्त तुला सांगितलंय. मावशीला कळलं तर ती परत त्या मातीत बसंल. तुझ्या पाया पडतो, हात जोडतो, कुणाला सांगू नको. कुणालाच सांगू नको रं.

तुझाच,
बिऱ्या